डॉ. रखमाबाई : पत्नीपद आणि वैद्यकी

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकीच्या शिक्षणाकडे वळलेल्या मराठी स्त्रियांमध्ये आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई ही दोन नावे अग्रभागी आहेत. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला, तर आनंदीबाईंचा ३१ मार्च १८६५ रोजी. दोघींच्या वयात चार महिन्यांचेच अंतर होते. दोघींचीही लग्ने बालपणी झाली. परंतु पत्नीपदाचा त्यांच्या शिक्षणावर व व्यवसायावर झालेला परिणाम परस्परांहून सर्वस्वी भिन्न होता. आनंदीबाईंना शिकवावे ही पती गोपाळराव यांची इच्छा होती, आणि त्या इच्छेच्या बळावर त्या अमेरिकेला जाऊन १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षाच्या प्रमुखपदी त्यांची नियुक्तीही झाली होती. तथापि त्या पदावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना पतीच्या घरी नांदावयास जावे असा आदेश दिला. आदेश न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद कायद्यात होती.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. विवाहित स्त्रीने शिकावे की नाही, काम करावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी पतीच्या इच्छेत सामावलेले होते. पतीची इच्छा अनुकूल असेल तर स्त्री समुद्र ओलांडू शकत होती. प्रतिकूल असेल तर तिला शाळेचा उंबरठाही ओलांडता येत नव्हता. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली (१८६१–१९२३) यांनी विवाहानंतर, मुलाबाळांचा संसार सांभाळून वैद्यकी केली, ती पती द्वारकानाथ यांच्या सक्रिय पाठिंब्याने. म्हणजे विवाह हा स्वरूपतःच व्यवसायाच्या आड येतो, असे विधान करता येणार नाही. विवाहात स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेला कायद्याने व रूढीने स्थान दिले होते काय, हा खरा प्रश्न आहे. रखमाबाईंच्या चरित्राचे महत्त्व असे की, हा प्रश्न त्यांच्यामुळे प्रथमच न्यायालयात स्पष्टपणे उपस्थित झाला.

२

रखमाबाईंच्या आई जयंतीबाई या सुतार ज्ञातीतील हरिश्चंद्र यादवजी यांच्या कन्या. जयंतीबाईंचे लग्न लहानपणीच जनार्दन पांडुरंग यांच्याशी झाले. वयाच्या सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या, तेव्हा रखमाबाई अडीच वर्षांच्या होत्या. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या ज्ञातीत विधवाविवाहाला मज्जाव नव्हता. मात्र पुनर्विवाहापूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे केली. पुढे जो वाद उद्भवला त्यात या मालमत्तेचा संबंध वारंवार जोडला गेला, म्हणून हा तपशील ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्य. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी दोनच भारतीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. अशा घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षी झाले, यावरून रूढीच्या पकडीची कल्पना येते. वर दादाजी भिकाजी हे एकोणीस वर्षांचे व सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले होते. त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिक्षण घ्यावे आणि आपल्या पायावर उभे राहावे, अशी या विवाहामागची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. दादाजींचे मन शिक्षणात रमले नाही, आणि काही काळाने ते आपले मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहावयास गेले.

लग्नाबरोबर रखमाबाईंची शाळा सुटली. चरित्राच्या दृष्टीने हा पहिला निर्णायक टप्पा होय. ज्या विवाहाच्या अटींत वराच्या शिक्षणाची तरतूद होती, त्याच विवाहाने वधूचे शिक्षण थांबविले. अर्थात घरात ग्रंथ होते, वैद्यकाचे वातावरण होते, आणि फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणण्याची सोय होती. त्यांच्या आधारे रखमाबाईंनी घरीच इंग्रजी वाचन वाढविले. प्रार्थना समाज व आर्य महिला समाज यांच्या सभांना त्या जाऊ लागल्या. वयात आल्यानंतर सासरी जाण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी जाण्यास नकार दिला, आणि सखाराम अर्जुन यांनी त्या नकाराची पाठराखण केली.

३

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला पाठविण्याची मागणी केली, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. दादाजींच्या बाजूने विवाहाने प्राप्त झालेल्या हक्काचा आधार घेण्यात आला. रखमाबाईंच्या बाजूने दादाजींची प्रकृती, उपजीविकेच्या साधनांचा अभाव व त्यांची राहणी यांवर आक्षेप घेण्यात आला. परंतु त्याहून मूलगामी मुद्दा संमतीचा होता. ज्या वयात विवाहाचा अर्थ कळत नाही त्या वयात लावून दिलेला विवाह स्त्रीला आयुष्यभर बांधून ठेवू शकतो काय, असा तो मुद्दा होता. दावा चालू असताना १८८५ साली सखाराम अर्जुन यांचे निधन झाले आणि रखमाबाईंचा मोठा आधार नाहीसा झाला.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा ही मुळात इंग्लंडमधील धर्मन्यायालयांची देणगी होती. हिंदू धर्मशास्त्रात तशा दाव्याला आधार नव्हता. शिवाय हे पतिपत्नी एकत्र राहिलेच नव्हते, तेव्हा पुनःस्थापना कशाची, अशी त्यांची भूमिका होती. १८८६ च्या मार्चमध्ये अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी हा निर्णय फिरवला आणि दावा पुन्हा चालवण्यासाठी पाठविला. त्यानंतर न्यायमूर्ती फॅरन यांचा वर उल्लेखिलेला आदेश आला. रखमाबाईंनी आदेश पाळण्यापेक्षा शिक्षा भोगण्याची तयारी दाखविली.

या खटल्याने मराठी समाजमन ढवळून निघाले. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्या साहाय्यार्थ समिती स्थापन झाली. दुसऱ्या बाजूला टिळकांनी व ‘मराठा’ पत्राने न्यायमूर्ती पिन्हे यांच्या निकालात हिंदू कुटुंबसंस्थेवरील परकी आक्रमण पाहिले. टिळक व आगरकर यांच्यातील मतभेद तीव्र होण्याचा हाच काळ होय. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले. पंडिता रमाबाई यांनीही १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या खटल्याची दखल घेतली. या वादात एक विसंगती होती. ज्या दाव्याला परंपरेचे संरक्षण म्हणून उचलून धरले गेले, तो दावाच इंग्रजी कायद्यातून आलेला होता. परंपराभिमानी पक्ष व वसाहतवादी न्यायासन, एरवी परस्परविरोधी असलेल्या या दोन शक्ती, पत्नीवरील पतीच्या ताब्याच्या प्रश्नावर एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. या तडजोडीने रखमाबाईंचा कारावास टळला, परंतु त्यांचा विवाह रद्द झाला नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या दादाजींच्या पत्नीच राहिल्या. पुरुषाला दुसरे लग्न करण्यास आडकाठी नव्हती. रखमाबाईंना मात्र पती हयात असेतो तो मार्ग बंद होता. त्यांना जे मिळाले ते पत्नीपदापासूनचे स्वातंत्र्य नव्हे, तर पत्नीपदाच्या अंमलबजावणीपासूनची सूट होती, आणि तीही पैसे मोजून मिळालेली. पुढील साऱ्या व्यावसायिक आयुष्याचा पाया ही सूट होती.

४

खटल्याच्या काळातच रखमाबाईंनी केलेले लेखन वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जून व सप्टेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये एका हिंदू स्त्रीच्या टोपण सहीने त्यांची दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्या पत्राचा विषय बालविवाह, दुसऱ्याचा सक्तीचे वैधव्य. बालविवाहाचा विचार त्यांनी केवळ शारीरिक हानीच्या अंगाने केला नाही. विद्येच्या अंगानेही केला. लग्नानंतर मुलाची शाळा चालू राहते, मुलीची मात्र त्याच वेळी संपते, आणि पुढे तिच्या बुद्धीला वाव राहत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. बालविवाहाच्या तत्कालीन चर्चेत संततीचे आरोग्य, राष्ट्राचे बल असे मुद्दे प्रामुख्याने येत असत. स्त्रीच्या कर्तृत्वाची हानी हा मुद्दा स्वतः शाळा सुटलेल्या स्त्रीकडून यावा, यात त्या लेखनाचे वेगळेपण आहे.

१८८७ साली दादाजींनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा रखमाबाईंनी वृत्तपत्रातून तिला उत्तर दिले. १८९० साली, इंग्लंडमध्ये शिकत असताना, बालविवाहासंबंधी ब्रिटिश सरकारला आवाहन करणारा त्यांचा लेख तेथील नियतकालिकात आला. हे सर्व लेखन इंग्रजीत आहे. राज्यकर्ते व न्यायालय यांच्यापर्यंत पोहोचण्याची निकड त्यामागे होती, हे उघड आहे. परंतु त्यामुळे मराठी गद्याच्या इतिहासात या लेखनाची नोंद जवळजवळ झाली नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. त्याआधीच्या दीर्घ वादात रखमाबाईंचे प्रकरण एक प्रमुख संदर्भ ठरले होते.

त्याच १८९१ साली कारखान्यांविषयीचा सुधारित कायदा झाला आणि स्त्री-कामगारांचे तास दिवसाला अकरापर्यंत मर्यादित करण्यात आले. ही गोष्ट येथे नोंदवणे अप्रस्तुत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत, विशेषतः रिळिंग व वाइंडिंग खात्यांत, तेव्हा स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत होत्या. विवाहाने त्यांचे काम सुटत नव्हते; घरचे काम त्यात वाढत होते. शेतमजूर स्त्रियांचेही तेच होते. लग्न झाले की स्त्रीने घराबाहेर काम करू नये, हा दंडक मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचा होता. रखमाबाईंचा संघर्ष त्या वर्गाच्या कक्षेतील आहे, याचे भान ठेवूनच त्याचे मूल्यमापन करावयास हवे.

५

तडजोडीनंतर दुसऱ्याच वर्षी, १८८९ मध्ये, रखमाबाई वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. एडिथ पीची यांचे प्रोत्साहन व इंग्लंडमध्ये इव्हा आणि वॉल्टर मॅक्लारेन या दांपत्याचे साहाय्य त्यांना लाभले. १८७४ साली स्थापन झालेल्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८९४ साली वैद्यकीच्या परीक्षा उत्तीर्ण केल्या. अकराव्या वर्षी खंडित झालेले शालेय शिक्षण त्यांनी अशा प्रकारे तिसाव्या वर्षी पूर्ततेला नेले. मधल्या एकोणीस वर्षांपैकी चार वर्षे न्यायालयात गेली होती.

मायदेशी परतल्यावर काही काळ मुंबईत काम करून त्या सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून गेल्या. मुंबईत जिचे नाव घरोघरी वादाचा विषय झाले होते, तिला कामासाठी गुजरातची भूमी लाभली. सुरतेत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला. बाळंतपणासाठी रुग्णालयात येणे हे त्या काळच्या कुटुंबांना अशुभ व लाजिरवाणे वाटे. रुग्णालयात गेलेली बाई जिवंत परतत नाही, अशी समजूत होती. ती दूर करण्यासाठी रखमाबाईंनी एका गाभण शेळीची प्रसूती रुग्णालयात सुखरूप करून दाखविली, अशी आठवण सांगितली जाते. स्त्री-वैद्य मिळाल्याने पडद्यातील स्त्रियांना उपचार घेणे शक्य झाले, याचे महत्त्व मोठे आहे.

१९१८ च्या सुमारास स्त्रियांच्या अखिल भारतीय वैद्यकीय सेवेत येण्याचे निमंत्रण त्यांना आले होते. ते न स्वीकारता त्यांनी राजकोटच्या संस्थानी जनाना रुग्णालयातील काम पत्करले आणि १९२९–३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत तेथे काम केले. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या सेवेला सुमारे पस्तीस वर्षे झाली होती. पडदापद्धतीविरुद्धची त्यांची पुस्तिका १९२९ सालची. पडद्यातील स्त्रियांच्या शुश्रूषेत आयुष्य घालवल्यानंतर पडद्याच्याच विरोधात लिहिणे, यात त्यांच्या विचारांचे सातत्य दिसते. उपचार त्यांनी परिस्थिती मानून केले. परिस्थिती मात्र मान्य केली नाही.

या काळातील एक तपशील विशेष चिंतनीय आहे. १९०४ साली दादाजींचे निधन झाले, आणि त्यानंतर रखमाबाईंनी हिंदू विधवेचा पांढरा वेश स्वीकारला. ज्या विवाहाला त्यांनी न्यायालयात नाकारले, त्याच विवाहाचे वैधव्य त्यांनी का पत्करले, हा प्रश्न त्यांच्या चरित्राच्या वाचकांना अडवतो. रूढीशी केलेली ही तडजोड मानावी, की रुग्णांच्या कुटुंबांत विश्वासाने वावरता यावे यासाठीची व्यवहारदृष्टी, याविषयी मतभेद संभवतात. एवढे मात्र निश्चित की, पतीपासून वेगळे राहणाऱ्या सधवेला समाजात नाव नव्हते, विधवेला होते. चाळिसाव्या वर्षी का होईना, रखमाबाईंना समाजाने ओळखलेली एक जागा मिळाली.

६

ही जागा विधवेची असावी, हा योगायोग नव्हता. महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या कर्त्या स्त्रियांकडे पाहिले असता त्यांतील कितीतरी जणींचे सार्वजनिक किंवा व्यावसायिक कार्य विवाहाच्या बाहेर उभे राहिलेले दिसते. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये, त्यांच्या वैधव्यानंतर सुरू झाले. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमात विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करण्याचा हेतू होता, आणि पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या विधवा त्या संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या. रमाबाई रानडे यांचे सेवासदनातील कार्यही न्यायमूर्ती रानडे यांच्या १९०१ मधील निधनानंतरचे. विधवेने शिक्षिका वा परिचारिका व्हावे, हे समाजाने हळूहळू स्वीकारले, कारण तिचे पोट भरण्याचा प्रश्न होता. सधवेच्या कामाला असे कोणतेही निमित्त पुढे करता येत नव्हते. तिचे पोट भरण्याची जबाबदारी पतीची मानली जाई, आणि तिच्या वेळेवर हक्कही त्याचाच.

मराठी चरित्रात्मक वाङ्मयातही या वस्तुस्थितीचे प्रतिबिंब पडलेले आहे. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत, १८८९ साली लिहिले, पुढे श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ती कथा घरोघरी पोहोचविली. स्त्रियांच्या आत्मकथनांतही पतीचे व्यक्तिमत्त्व मध्यवर्ती राहते. रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०) व लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. या ग्रंथांची थोरवी वादातीत आहे. परंतु वाङ्मयप्रकार म्हणून त्यांनी जो साचा घडविला त्यात पतिपत्नींचे सहजीवन हा कथनाचा कणा होता. रखमाबाईंच्या आयुष्यात असा कणा नव्हता. त्यांच्या चरित्रातील नाट्य तेविसाव्या वर्षी संपते, आणि नंतरची पस्तीस वर्षे रोजच्या कामाची आहेत. त्यामुळे खटल्यातील रखमाबाई इतिहासाला ठाऊक राहिल्या; सुरत आणि राजकोट येथील डॉ. रखमाबाई मात्र दीर्घकाळ मराठी वाचकांच्या नजरेआड राहिल्या. पतीच्या घरी न गेलेली पत्नी ही त्यांची ओळख त्यांच्या कामापेक्षा मोठी ठरली. विवाहाने स्त्रीच्या कामावर केलेला हाही एक परिणामच म्हणावा लागेल.

७

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईला परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी काही बदल त्यांच्या डोळ्यांदेखत घडले होते. वैवाहिक हक्कांच्या हुकूमनाम्यासाठी कारावास देण्याची तरतूद १९२३ साली दिवाणी प्रक्रिया संहितेतून काढून टाकण्यात आली. त्यांच्या निधनाच्या चारच महिने आधी, मे १९५५ मध्ये, हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याने एकपत्नीत्व अनिवार्य केले, घटस्फोटाची वाट खुली केली. परंतु त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावाही कायम ठेवला.

या कलमाचा पुढील इतिहास रखमाबाईंच्या चरित्राला जोडूनच वाचावा लागतो. साठच्या दशकात पंजाब उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात परगावी नोकरी करणाऱ्या पत्नीने राजीनामा देऊन नांदावयास यावे, ही पतीची मागणी मान्य झाली. १९७८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या प्रकरणात याउलट निर्णय दिला : पत्नीने आपली नोकरी सोडून पतीच्या गावी राहावे असा कोणताही सर्वसाधारण नियम नाही. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नववे कलमच घटनाबाह्य ठरविले, तर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. दावा कायदेशीरदृष्ट्या घर कुठे असावे याचा असला, तरी प्रत्यक्षात नोकरी कोणी सोडावी हाच त्यातला वाद असतो, हे या प्रकरणांवरून दिसून येते.

न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे १८८५ मध्ये उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलीने व्यवसायाचा हक्क मागितला नव्हता. ती केवळ जाण्यास नकार देत होती. परंतु त्या नकारातच पुढील सारे सामावले होते. दादाजींना दिलेल्या दोन हजार रुपयांच्या मोबदल्यात सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या पिढ्यांना एक वैद्य लाभली. हा हिशेब रखमाबाईंच्या चरित्रात एकदाच आणि स्पष्टपणे मांडला गेला. ज्या असंख्य स्त्रियांच्या बाबतीत तो मांडलाच गेला नाही, ज्यांना नकार देता आला नाही आणि ज्यांच्याकडे दोन हजार रुपयेही नव्हते, त्यांच्या न घडलेल्या कामाची नोंद कोणत्याही चरित्रात सापडणार नाही.